एकही तक्रार आली नाही

तुम्ही खोटं बोललात. बाकीच्यांचं नंतर बघू, आधी तुमचं.

तुमच्या संस्थेच्या शिक्क्याखाली एक वाक्य आहे: रविकांत टिपणीस त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सभागृहात हजर होते, त्यांनी प्रशिक्षणाचे तास पूर्ण केले. या एका वाक्याच्या आडोशाला एक माणूस लपलाय आणि त्याच वाक्याने एका पोरीला कुवेतमध्ये कोंडून ठेवलंय. बुडत्या कंपन्या सावरायचे परवाने तुम्ही वाटता. दरवर्षी वर्गात बसा, नवं शिका, तास भरा, नाहीतर परवाना जाईल, असा दमही तुम्हीच देता. तास भरले का, हे बघता. कोणी भरले, ते बघत नाही. की बघता आणि गप्प बसता? ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. झालं ते असं झालं.

१

२००९ चा ऑगस्ट नुकताच लागलेला, रमजानला अजून अवकाश होता. कुवेतच्या शेतीपट्ट्यात, वफ्राला, काचघरांत काकडी-टोमॅटो पिकवणारी एक कंपनी गाळात गेली होती. ती सावरायला कर्ज देणाऱ्या बँकेने रविकांतला नेमलं होतं. असल्या माणसांना कुवेतातला मराठी माणूस 'रेस्क्यूवाले' म्हणतो. रविकांत पुण्याचा. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट त्याच्या हातात, भाषणात 'आपली माणसं' हा शब्द दर दोन वाक्यांनी.

काचघरांच्या मागे माल भरायची पत्र्याची शेड होती. भाजी टिकावी म्हणून तिच्यात थंडावा सोडलेला. भर दुपारी उघड्यावर काम करायला उन्हाळ्यात बंदी असते, तेव्हा मजूर त्या शेडमध्येच अंग टाकायचे. त्या दिवशी बाकीच्यांना पलीकडच्या गोदामात पेट्या रचायला नेलं होतं. अशरफ नावाचा मजूर एकटा शेडमध्ये राहिला. त्याला ताप होता. दुपारी शेडची वीज बंद केली गेली. उन्हं कलल्यावर माणसं परतली तेव्हा अशरफ दाराच्या दिशेने सरकत आलेला दिसला. दारापर्यंत पोचला नव्हता.

वीज बंद करणारा मेकॅनिक मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, म्हणाला, "ऑफिसातून क्षितिजा मॅडमचा फोन आला."

ते खरं होतं. क्षितिजा रविकांतची असिस्टंट, नाशिकची, कुवेतात नुकती रुळलेली. ती म्हणाली, "मला सरांचा फोन आला, ऑफिसच्या लँडलाइनवर, त्यावर नंबर दिसत नाही. मी विचारलं, सर, आत माणसं? ते म्हणाले, रिकामी आहे, बंद करायला सांग."

आणि रविकांत म्हणाला, "कसला फोन? मी दिवसभर शहरात, साल्मियाच्या हॉटेलात, सीपीडीच्या सेमिनारला होतो. मोबाइल दारातच काढून घेतात. या मुलीने स्वतःच्या डोक्याने केलं, आता माझं नाव घेतेय."

सीपीडी म्हणजे तेच तुमचे तास. तुम्ही दाखला दिलात. मोबाइल कंपनीनेही सांगितलं, फोन दिवसभर साल्मियातच होता. क्षितिजाचा पासपोर्ट जमा झाला, देश सोडायला बंदी आली, माणूस मारल्याचा ठपका आला.

मग तुमच्यातल्या कोणालातरी वाटलं, घरातल्या घरात एक चौकशी उरकून टाकावी. कामाला लावलंत खैरुन्निसा परकारांना. बाई रत्नागिरीच्या, कुवेत सिटीत ऑडिटर, तुमच्या जुन्या सभासद. सगळे त्यांना आपा म्हणतात. त्या सेमिनारला त्या नव्हत्या. भावाच्या मयतीला गावी गेल्या होत्या आणि येणार नाही असं आधी कळवलं होतं. तुम्हाला वाटलं, चार लोकांना विचारतील आणि सही करतील.

क्षितिजा आपांसमोर बसली तेव्हा तिला मान वर करता येईना. "मॅडम, मी फोन ठेवला आणि डबा उघडला. मेथीची भाजी होती. तो तिथे... आणि मी जेवत होते."

"डब्याचं राहू दे. फोनवर अजून काय ऐकलंस?"

"मागून कोणीतरी विचारलं, 'शाय?' सर म्हणाले, साखर नको. मग मला म्हणाले, 'पटकन कर.'"

आपा तिच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या असल्या सेमिनारांना बसल्या होत्या. तिथे चहा कोणी आणून देत नाही. कप हातात घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.

२

साल्मियाच्या त्या हॉटेलात हॉल सांभाळायला मुझफ्फर होता, दापोलीचा. आपांना बघून पुढे आला. "आपा, सलाम! या, बसा. सरबत मागवू?"

हॉलबाहेरच्या बोळात उभे पंखे ओळीने ठेवले होते, दोरीने बांधलेले. आपा त्यांना वळसा घालून आत गेल्या.

"मुझफ्फर, त्या दिवशी टिपणीससाहेब होते?"

"बिल्ला घेतलेला, आपा. मोबाइल जमा. संध्याकाळी मोबाइल परत, बिल्ला परत."

"तू बघितलंस त्यांना?"

"मी बिल्ले बघतो, तोंडं कुठे बघू? गर्दी होती."

"जेवण बरं झालं?"

मुझफ्फरचा चेहरा फुलला. "काय सांगू! भात दोनदा चढवला. एरवी तुमची मंडळी सॅलड टोचत बसतात नि अर्धी थाळी टाकतात. त्या दिवशी एक हाडूक राहिला नाय. आइसक्रीम तेवढी वितळली, पाणी झाली पार. मी म्हटलं, आता खातो शिव्या. तर ती ग्लासांत ओतून प्यायली लोकांनी!"

"आणि शिव्या?"

"एक नाय! आपा, मी इथे लागल्यापासून पहिल्यांदा. मागल्या वेळी वेलची जास्त पडली म्हणून मॅनेजरला खाली बोलावलान. त्याच्या मागल्या खेपेस माइक खरखरतो म्हणून अर्ज. ह्या खेपेस एकही तक्रार आली नाय. सुधारली तुमची माणसं."

आपा हसल्या नाहीत. बाहेर पडताना त्या पंख्यांपाशी थांबल्या. एका पंख्यावर भाड्याने देणाऱ्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती.

"हे कशाला आणले होते रे?"

मुझफ्फरने आधी मॅनेजरच्या केबिनकडे बघितलं. "ते... आपा, मला नका विचारू. नोकरीचा सवाल आहे."

३

मयूर आणि प्रणिता, दोघंही रेस्क्यूवाले, दोघंही परवानाधारक. रविकांत हॉलमध्ये होता असं दोघांनी आधीच लिहून दिलं होतं.

मयूर अहमदीला राहायचा. जुन्या तेल कंपनीच्या बंगल्यांतला एक भाड्याने घेतलेला, पुढे लिंबाची झाडं. "आपा, तुम्ही इतक्या लांब का आलात? फोनवर सांगितलं असतं. रवी माझ्या पुढच्या रांगेत होता. मी म्हटलंसुद्धा त्याला, अरे, इथे काय बर्फ पाडतायत का? या हॉटेलवाल्यांना एसी म्हणजे फ्रीज वाटतो. सर्दी झाली मला."

"बरं. आणि विषय काय होता?"

"तेच नेहमीचं. ताबा घेतल्यावर पहिला आठवडा वगैरे. झोप काढायचा विषय."

प्रणिता कुवेत सिटीत बाविसाव्या मजल्यावर बसायची. तिने तर पुरावाच दिला. "त्या हॉलची सवय आहे ना, मी शाल घेऊनच जाते. रविकांत इतका कुडकुडत होता, मी माझी शाल त्याला दिली. तुम्ही त्यालाच विचारा."

रविकांतला विचारलं. "हो ना, प्रणिताची शाल. निळी. आपा, एक बोलू? गेलेला माणूस काही परत येत नाही. पोरगी लहान आहे, चूक झाली तिची, दंड-बिंड भरून सुटेल. तुम्ही हे उकरत बसलात तर उद्या अरब म्हणतील, ही मराठी माणसं एकमेकांना खातात. आपल्याच माणसांची इज्जत जाईल."

"आपल्या माणसांत अशरफ धरायचा का?" आपांनी विचारलं.

रविकांतने घड्याळाकडे बघितलं.

खाली गाडीजवळ त्याचा ड्रायव्हर यूसुफ उभा होता. अशरफच्या गावचा, श्रीवर्धनचा. आपांना बघून त्याने सलाम केला नाही. तोंड फिरवून काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

४

शुक्रवारी आपा वफ्राला गेल्या. सोबत क्षितिजा. तिने स्वतःच हट्ट धरला होता.

शेडमध्ये आता थंडावा परत सुरू होता. भाजीसाठी. अशरफच्या खोलीतली माणसं बाहेर सावलीत बसली होती. क्षितिजा पुढे झाली, काही बोलायला गेली आणि नुसती हात जोडून उभी राहिली. त्यांतला एक म्हातारा गोधडी शिवत होता, त्याने जागा करून दिली. "बस बाय. उन्हात नको उभी राहू."

हे बोलणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. ती रडली.

आपांनी विचारलं, "अशरफकडे मोबाइल होता?"

"होता. उशाशीच सापडला."

"मग आत गरम व्हायला लागल्यावर त्याने फोन का नाही केला?"

म्हाताऱ्याने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "कुणाला करणार? गरम होतंय म्हणून? आमी लोक, बाई, गरम होतंय म्हणून कुणाला फोन करत नाय."

आपा उठता उठता परत खाली बसल्या. क्षितिजा घाबरली. "मॅडम, बरं नाही वाटत का?"

"बरंय. लाज वाटली म्हणून बसले." मग म्हणाल्या, "पोरी, मी एक खोटा माणूस शोधत होते. चुकलं माझं."

"म्हणजे? सर खरं बोलतायत?"

"नाही. पण ते एकटे नाहीत."

५

आपांनी सगळ्यांना आपल्या ऑफिसात बोलावलं. दुपारची वेळ. रविकांत, मयूर, प्रणिता, क्षितिजा. मुझफ्फर कोपऱ्यात. यूसुफलाही वर घेतलं. रविकांतने भुवया उंचावल्या, तरी आपांनी खुर्ची दिलीच. तो बसला नाही.

आपा कागद चाळत राहिल्या.

आधी प्रणिताने कॉलर सैल केली. मग मयूर: "आपा, एसी बंद आहे का?"

"असेल."

"असेल काय? ऑगस्ट आहे! बिल्डिंगवाल्याला फोन लावा ना."

"मी लावते," प्रणिता म्हणाली. "काय माणसं असतात, भाडं कशाचं घेतात?"

रविकांत खिडकीकडे गेला, खिडकी उघडेना म्हणून चिडला. "आपा, ही काय पद्धत आहे बोलवायची?"

यूसुफच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो हलला नाही. मुझफ्फरही नाही.

आपांनी टेबलाखाली हात घालून रिमोट काढला आणि एसी सुरू केला. "मीच बंद केला होता. खुर्च्यांना पाठ टेकायच्या आत तिघांच्या तीन तक्रारी. आता सांगा. सेमिनारच्या दिवशी हॉलचा एसी सकाळपासून बंद होता. हो ना, मुझफ्फर?"

मुझफ्फरने मान खाली घातली. "काँप्रेसर गेला होता, आपा. मॅनेजर बोलला, कुणी विचारला तरच सांग. कुणी विचारलाच नाय. भाड्याचे पंखे लावले. एक मोठा मंचावर, व्याख्यात्या साहेबांना."

मयूरची सर्दी आणि प्रणिताची शाल. कोणी एकमेकांकडे बघेना.

"पहिल्यांदा मला वाटलं, फक्त रविकांत नव्हते," आपा म्हणाल्या. "मग शाल आली. जो हॉल भट्टी झाला होता, तिथे तुम्ही दोघं गारठलात. म्हणजे तुम्हीही नव्हता. नेहमीचा थंड हॉल आठवून गोष्ट रचलीत. पण त्याहून मोठी गोष्ट मुझफ्फरने सांगितली होती आणि मला कळली नव्हती. एकही तक्रार आली नाही. वेलची जास्त झाली म्हणून मॅनेजरला खाली बोलावणारी आपली जमात. ती भर ऑगस्टात दिवसभर बिनएसीची बसेल? वितळलेलं आइसक्रीम ग्लासात ओतून पिईल? कोण पितं तसं? ज्याला कोणाकडे तक्रार करायची सवयच नाही, तो."

त्यांनी चष्मा काढला. डोळे ओले होते, आवाज कोरडा.

"त्या हॉलमध्ये सभासद नव्हतेच. सगळ्यांनी आपापले ड्रायव्हर पाठवले, ऑफिसबॉय पाठवले. गळ्यात साहेबाचा बिल्ला, खिशात साहेबाचा मोबाइल, तो दारात जमा करायला. आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी साक्ष द्यायला तयार. दुसरा नव्हता हे सांगायचं, तर आधी स्वतः असायला हवं ना."

"हे सगळे तर्क आहेत," रविकांत म्हणाला. त्याचा आवाज मंडळातल्या भाषणासारखाच होता, जरासुद्धा हलला नाही. "माझ्या जागी कोण होतं, सांगा. एक नाव सांगा."

यूसुफने खुर्ची बाजूला सरकवली.

"मी," यूसुफ म्हणाला.

६

"यूसुफ, विचार करून बोल," रविकांत म्हणाला. "तुझा इकामा माझ्या ऑफिसवर आहे. तो गेला की तुला इथे राहता येणार नाही."

"ठाऊक आहे, साहेब." यूसुफ आपांकडे वळला. "आपा, मी बसलो साहेबांच्या जागी. पहिल्यांदा नाय, आधीही कधीकधी बसलोय, मागल्या रांगेत. सांगितलेला असतो, गप बस, झोपू नको. एरवी आमी एक-दोघं असायचो, ह्या खेपेस आजूबाजूला सगळे आमचेच. मयूरसाहेबांचा कुक होता, प्रणिता मॅडमचा ड्रायव्हर होता. व्याख्याते साहेब इंग्लिशमधून बोलत होते. मला काय समजणार? पडद्यावर शेडचं चित्र आला, त्यात माणसं झोपलेली. मी शेजारच्याला बोललो, ही तर आपली वफ्रासारखी शेड."

आपांनी त्या सत्राचा विषय आधीच बघून ठेवला होता: ताबा घेताच, काहीही बंद करण्याआधी, आत कोण राहतं ते स्वतः जाऊन बघा. तो दिवस त्या एका गोष्टीसाठी होता. रविकांतने ते ऐकायचं होतं. ऐकलं ते यूसुफने, ज्याला ते कळणार नाही याची सोय रविकांतनेच केली होती.

"मला पंख्यासमोरची जागा मिळाली होती," यूसुफ म्हणाला. "नंतर मिळायची नाय म्हणून मी लवकर जाऊन धरलेली. थंड वारा येत होता. तेव्हाच अशरफ..." त्याने बाहीने तोंड पुसलं. "त्याच्या अम्मीला मी फोन केला, बाकी सगळा सांगितला. हा नाय सांगितला. माझ्याने सांगवला नाय."

क्षितिजा उठली आणि जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

आपा म्हणाल्या, "रविकांत, तुम्हाला 'शाय' कोणी विचारला?"

तो खिडकीपासून परत येऊन बसला. मग आवाज खाली आला. "बँकेत होतो. वरच्या मजल्यावर. त्यांच्या खोलीतल्या फोनवरून केला. ते म्हणाले, शीतगृह आजच्या आज बंद झालेलं दाखवा, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस नेमतो. मला वाटलं, शेड रिकामीच असणार. भाजीची शेड ती, माणसं कशाला असतील?"

"पोरीने विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मग?"

"घाई होती, आपा." आणि लगेच, एका दमात: "मी हे इथे बोललो. बाहेर बोलणार नाही. बँकवाले बोलणार नाहीत. ड्रायव्हरचं कोण ऐकतो? आणि माझ्याकडे दाखला आहे."

प्रणिता हुंदके देत होती. मयूर चपला शोधत असल्यासारखा जमिनीकडे बघत होता. पायात बूट होते.

रविकांत खोटं बोलत नव्हता. बाहेर गेल्यावर त्याने एक शब्द काढला नाही. यूसुफने मखफरमध्ये जबाब दिला. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "संस्थेचा दाखला खरा की ड्रायव्हर?" यूसुफचा इकामा रद्द झाला, त्याला श्रीवर्धनला परत पाठवलं. अशरफच्या घरापासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर आहे. रोज त्या दारावरून जावं लागतं.

आपांनी अहवाल तुम्हाला पाठवला. कोण कुठे होतं, सगळं. तुम्ही काय कळवलंत? हजेरीची नोंद अंतिम असते, प्रकरण बंद. आणि त्याच पाकिटात आपांना वेगळी नोटीस: या वर्षीचे आपले प्रशिक्षणाचे तास अपुरे आहेत, परवाना का रद्द करू नये? 'मी गेले नाही' असं खरं सांगणारी एकच बाई होती. तीच अपुरी ठरली.

तुम्हाला भीती कसली, हे न कळायला आम्ही दुधखुळे नाही. रविकांतचा एक दाखला मागे घेतलात तर सगळ्या हॉलचे मागे घ्यावे लागतील. मग लोक विचारतील, या वर्षीचेच का, मागच्या वर्षांचं काय? मग ज्या ज्या बुडत्या कंपन्या तुमच्या माणसांनी 'सावरल्या', त्यांच्या शेडमध्ये कोण कोण झोपलेलं होतं, तेही विचारतील.

पण एक माणूस त्या हॉलमध्ये खरोखर होता. तुमचा व्याख्याता. मंचावर, मोठ्या पंख्यासमोर. त्याच्या पुढ्यात हातात गाडीच्या किल्ल्या धरलेली माणसं बसली होती, चपला काढून, भिंतीला टेकून, घामाने भिजलेली, एक इंग्लिश शब्द न कळणारी. शेवटी त्याने विचारलं, कोणाला काही शंका? कोणी बोललं नाही. त्याने फाइल मिटली आणि सगळ्यांच्या नावापुढे हजर असं लिहून सही केली.

क्षितिजा अजून कुवेतात आहे. आईला फोनवर सांगते, काम वाढलंय. दाखला मागे घेतलात तर ती सुटते, एवढी साधी गोष्ट आहे.

आम्हाला कमिटी नको, परिपत्रक नको. तुमच्या त्या माणसाला समोर आणा आणि त्याला विचारा: त्या दिवशी रविकांत टिपणीसच्या खुर्चीत तू कोणाला बघितलंस?

आणि तो काय म्हणाला, ते आम्हाला सांगा.